शेअरपॉइंटवर टिडलीविकी: चालतं, पण कोणत्या वाटेनं?

टिडलीविकी म्हणजे नोंदी ठेवायची वही, पण सगळी मिळून एकच एचटीएमएल फाइल, ब्राउझरमध्ये उघडणारी. जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये आणलेलं हे साधन आजही फुकट आणि मुक्तस्रोत आहे. कोरी फाइल साधारण अडीच एमबीची. नोंदी, टॅग, शोध, संपादक सगळं तिच्याच पोटात. मुंबईत बीकेसीतल्या किंवा सीप्झमधल्या ज्या ऑफिसात साधं सॉफ्टवेअर टाकायलाही आयटीकडे तिकीट काढावं लागतं, तिथे ही फार मोठी सोय. फाइल ठेवायला शेअरपॉइंटही (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची सामायिक फाइल-जागा) आधीच मिळालेलं असतं. घोडं अडतं ते फाइल उघडताना आणि सेव्ह करताना.

शेअरपॉइंट ऑनलाइनच्या (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालणाऱ्या शेअरपॉइंटच्या) लायब्ररीत, म्हणजे फाइलींच्या कप्प्यात, .एचटीएमएल फाइल टाकून क्लिक केलं, तर एक तर कोड दिसतो, नाहीतर फाइल डाउनलोड होते. विकी चालत नाही. हा बिघाड नव्हे, सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली अडवणूक आहे: कुणीही टाकलेली स्क्रिप्ट तुमच्या लॉगिनच्या अधिकारांनी चालली, तर तुम्हाला दिसणारं सगळं तिलाही दिसेल.

यावरची जुनी युक्ती म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट बदलून .एएसपीएक्स (.aspx) करणं. मग शेअरपॉइंट तिला पान समजून दाखवतं. टिडलीविकी आपणहून सर्व्हरला ‘ऑप्शन्स’ विनंती पाठवतं, म्हणजे इथे काय काय करता येतं ते विचारतं. उत्तरात ‘डीएव्ही’ हेडर (फाइल थेट लिहिता येते अशी खूण) आलं, तर सेव्हचं बटण दाबल्यावर पूर्ण फाइल ‘पुट’ने (फाइल सर्व्हरवर लिहिण्याच्या विनंतीने) जागच्या जागी लिहिली जाते. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या शेअरपॉइंटमध्ये हे छान जमायचं. ऑनलाइनमध्ये मात्र साइटवर ‘कस्टम स्क्रिप्ट’ची, म्हणजे बाहेरचा कोड चालवायची, परवानगी लागते आणि ती ॲडमिनला पॉवरशेलमधून (आज्ञा टाइप करून) द्यावी लागते. २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट ही परवानगी २४ तासांच्या आत परत बंद करतं. परिणाम विचित्र होतो. आधी चढवलेलं पान वाचता येतं, पण त्यावर लिहायला गेलात की नकार मिळतो. काल चालणारं सेव्ह आज लाल पट्टी दाखवू लागलं, तर ब्राउझरला दोष देण्याआधी हे तपासा.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: एकट्याच्या नोंदींसाठी .एएसपीएक्सच्या नादी लागू नये. टीमला फक्त वाचायला द्यायचं असेल, महिन्यातून एकदा बदल होत असेल आणि ॲडमिन ओळखीचा असेल, तरच ती वाट धरा.

रोजच्या कामाला वनड्राइव्ह सिंक बरं, म्हणजे लायब्ररीची प्रत आपल्या संगणकावर ठेवून ती आपोआप जुळवत राहणं. लायब्ररीत ‘सिंक’ किंवा ‘ॲड शॉर्टकट टू वनड्राइव्ह’ करा, एक्सप्लोररमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि फाइल तिथूनच उघडा. मग लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी काम थांबत नाही. सेव्हसाठी टिडलीडेस्कटॉप, म्हणजे टिडलीविकी उघडायचा वेगळा प्रोग्राम, सर्वांत सुटसुटीत. झिप उलगडली की चालू, इन्स्टॉलरची गरज नाही. अर्थात अनोळखी प्रोग्राम चालवायलाच बंदी असेल, तर तेही अडेल. टिडलीडेस्कटॉप बॅकअप विकीच्या शेजारीच ठेवतं आणि ते बॅकअपही सिंक होत राहतात, म्हणून त्यांची जागा सेटिंगमधून लायब्ररीबाहेर हलवा. प्रोग्रामला बंदी असेल, तर एजमध्ये प्रत्येक डाउनलोडला जागा विचारण्याचं सेटिंग चालू करून मूळ फाइलवरच सेव्ह करा. कटकटीचं आहे, पण ‘डाउनलोड्स’मध्ये (१), (२), (३) अशी पिलावळ साठत नाही.

विकी दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडी ठेवू नका. वनड्राइव्हला टक्कर जाणवली, तर ते संगणकाचं नाव जोडून दुसरी प्रत बनवतं आणि त्या दोन्ही जुळवणं तुमच्या माथी येतं. ‘पुट’च्या, म्हणजे .एएसपीएक्सच्या, वाटेवर सर्व्हरने ईटॅग (फाइलच्या त्या आवृत्तीची खूण) दिला, तर टिडलीविकी जुन्या प्रतीवरून सेव्ह करू देत नाही, ईटॅग नसेल तर शेवटी सेव्ह करणारा जिंकतो. एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ टॅबमध्ये ईटॅग येतोय का ते पाहून घ्या.

जागेचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. लायब्ररीत साधारणपणे ५०० आवृत्त्या राखल्या जातात आणि प्रत्येक आवृत्ती पूर्ण आकाराने मोजली जाते. १० एमबीची विकी, ५०० आवृत्त्या, म्हणजे ५ जीबी. त्यात ऑटोसेव्ह चालू असेल, तर प्रत्येक नोंदीगणिक एक आवृत्ती! विकीच्याच कंट्रोल पॅनलमधून ते बंद करा आणि हाताने सेव्ह करा. चित्रं आत चिकटवू नका: बेस६४मुळे (चित्र अक्षरांत बदलून साठवण्याच्या पद्धतीमुळे) आकार एक तृतीयांशाने वाढतो. ती शेजारच्या फोल्डरात ठेवून चित्राच्या नोंदीला ‘_कॅनॉनिकल_यूआरआय’ (_canonical_uri) फील्ड द्या आणि त्यात सापेक्ष पत्ता, म्हणजे विकीच्या फाइलपासूनचा पत्ता, लिहा. तेवढ्यानेही विकी हलकी होते.

देवनागरी शीर्षकं आत उत्तम चालतात. फक्त पर्मालिंकमध्ये (एका नोंदीवर थेट नेणाऱ्या लिंकमध्ये) प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात आणि मेलमध्ये असा पत्ता मध्येच तुटतो. ज्या नोंदींची लिंक पाठवायची, त्यांची शीर्षकं छोटी ठेवा. फाइलचं नाव मात्र रोमनमध्येच बरं.

पासवर्ड लावायची सोय आतच आहे आणि कूटबद्धता खरी आहे. विसरलात तर आयटीसुद्धा काही करू शकत नाही. काही कंपन्यांच्या धोरणात असं कुलूप बसत नाही, त्यामुळे आधी विचारा. शिवाय विकी वैयक्तिक असली तरी खातं कंपनीचं. नोकरी सोडल्यावर खातं काढून टाकलं, की वनड्राइव्हमधला मजकूर मूळ सेटिंगनुसार ३० दिवसच राहतो. स्वयंपाकाच्या पाककृती आणि सोसायटीच्या मीटिंगच्या नोंदी कामाच्या विकीत मिसळू नका. त्यांची वेगळी फाइल घरच्या संगणकावर ठेवा.