एसी सुरूच होत नाही: आधी आपण बघायचं की सरळ मेकॅनिक बोलवायचा?

एसी बंद पडला की घरात दोन पक्ष होतात. एक म्हणतो, लाव फोन मेकॅनिकला. दुसरा रिमोटमधले सेल काढून उलटसुलट फिरवायला लागतो. मी काही वर्षं पहिल्या पक्षात होतो, आता दुसऱ्यात आहे. पक्षांतराचं कारण पुढे येईलच. इथे बोलतोय ते फक्त ‘सुरूच होत नाही’ या तक्रारीबद्दल. ‘चालतो पण गार करत नाही’ हे दुखणं वेगळं.

मेकॅनिकची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. बाहेरच्या युनिटचं झाकण उघडणं हे आपलं काम नव्हे. कॅपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) वीज बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो, आणि इन्व्हर्टर एसीच्या (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या) बोर्डावर तर स्विच पाडल्यानंतरही काही मिनिटं तीनशेच्या वर व्होल्ट असू शकतात. वॉरंटी चालू असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातातच घेऊ नये. विजेच्या झटक्याने बोर्डावरचा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणारा भाग) फुटला, फ्यूज गेला, बोर्डात पाल शिरून शॉर्ट झालं (हसू नका, हे सर्रास होतं), तर आपण नुसते बघत राहणार. इन्व्हर्टर एसी दिव्याच्या उघडझापीतून किंवा डिस्प्लेवर एरर कोड दाखवतो. पुस्तिकेत बघून आपण तो वाचू शकतो, पण त्यापुढे काय करायचं ते जाणकारालाच ठाऊक.

पण झाकण न उघडताही बरंच कळतं, आणि नेमकं तेच मेकॅनिकला फोनवर सांगता येत नाही म्हणून आपण अडतो. इनडोअर युनिटचं पुढचं पॅनल उचललं की बहुतेक मॉडेलांत एक छोटं बटण असतं. ते दाबून एसी सुरू झाला तर दोष रिमोटचा, विषय संपला. रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबला की टोकाचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघा. टायमर चुकून लागलाय का, मोड नुसत्या फॅनवर आहे का, तापमान खोलीपेक्षा जास्त ठेवलंय का, हे तर सांगायलाही नको. आणि धीर धरणं हीसुद्धा तपासणीच आहे. बंद करून लगेच चालू केला की कॉम्प्रेसर साधारण ३ मिनिटं मुद्दाम थांबतो, आतल्या गॅसचा दोन्हीकडचा दाब सारखा व्हावा म्हणून. त्यात स्टॅबिलायझरचा स्वतःचा डिले मिळवला की माणसाला वाटतं, गेला एसी.

आता माझं कारण. आमचा एसी रात्री दहानंतर सुरू व्हायचा नाही. आतला पंखा फिरायचा, थोड्या वेळाने बाहेरचं युनिट ‘घूं’ करायचं, स्टॅबिलायझर ‘टक्’ करायचा आणि सगळं बंद. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा. बटण दाबलं की पहिल्या फटक्यात एसी सुरू. ‘साहेब, चालू आहे की हो!’ भेटीचे पैसे घेऊन गेला. रात्री पुन्हा तेच. दुसऱ्यांदा आला, पुन्हा चालू. या वेळी फिल्टर धुऊन दिला आणि जाता जाता ‘गॅस कमी असेल’ म्हणाला. जो एसी त्याच्यासमोर बर्फासारखा वारा फेकत होता, त्याला गॅस! बाकी सगळं मी सोसलं असतं, पण आपल्याच घरात आपण खोटारडे ठरतो हे काही सहन झालं नाही. माणूस प्रामाणिक होता, हेही सांगतो. त्याला बिघाड दिसलाच नव्हता.

तिसऱ्या रात्री स्टूल घेऊन स्टॅबिलायझरसमोर बसलो. दिवसा २२५च्या आसपास असणारा व्होल्टेजचा आकडा रात्री १९० होता, आणि कॉम्प्रेसरने उचल घेताच तो १६०च्या खाली घसरला. स्टॅबिलायझरने लाइन तोडली, ते त्याचं कामच. पण एका एसीने इतका खड्डा का पडावा? स्विच पाडून भिंतीतला प्लग काढला तर तो चांगलाच गरम, आणि एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. सैल सॉकेट, तिथेच व्होल्टेज पडत होतं. दिवसा व्होल्टेज पुरेसं असल्यामुळे ते खपून जायचं, रात्री नाही. इलेक्ट्रिशियनने वायरचं जळकं टोक कापून सॉकेट बदललं. एसीला कोणी हातही लावला नाही.

सगळ्यांचंच असं होईल असं म्हणणार नाही. तुमचा एसी पूर्ण मेलेला असेल, दिवासुद्धा लागत नसेल, एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) वर केलेला असेल आणि सॉकेटवर दुसरं उपकरण नीट चालत असेल, तर वेळ न घालवता मेकॅनिक बोलवा. जळका वास आला किंवा एमसीबी एकदा वर करूनही पुन्हा पडला तर परत उचलू नका. आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडत असेल तर करंट कुठेतरी गळतोय, तिथे हौस नको. पण बिघाड अधूनमधून येत असेल, तर तो येतो तेव्हा हजर आपणच असतो, मेकॅनिक नव्हे. म्हणून माझा कौल, थोडा बिचकतच, आधी दहा मिनिटं आपण बघण्याकडे.

मागच्या उन्हाळ्यात एसी पुन्हा अडला. या वेळी फोनवर एवढंच सांगितलं: व्होल्टेज ठीक आहे, आतला पंखा फिरतो, बाहेरचा पंखाही फिरतो, कॉम्प्रेसर घुमतो आणि काही सेकंदांत गप्प होतो, एसी साधा आहे, इन्व्हर्टर नाही. पलीकडून आवाज आला, ‘कॅपॅसिटर घेऊनच येतो.’ पंधरा मिनिटांत काम झालं, आणि गॅसचं नाव कोणी काढलं नाही.