समुद्रशोक म्हणून विकली जाणारी बेशरम

मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर जुळे सोलापुरात टेम्पोतून रोपे विकत आलेल्या एका इसमाने आमच्या गल्लीतील बहुतेक घरांना समुद्रशोकाची म्हणून जी रोपे दिली, ती सर्वच्या सर्व बेशरमीची निघाली. एका रोपाला साडेतीनशे रुपये त्याने घेतले. हीच बेशरम ओढ्या-नाल्यांच्या काठी फुकट माजलेली असते.

समुद्रशोक हा हरणपदी कुळातील मोठा, काष्ठमय वेल असून तो मांडवावर दाट पसरतो, आणि त्याच्या मुळांना आयुर्वेदात वृद्धदारू म्हणून मान आहे. बेशरम त्याच कुळातली. दोन्हींची फुले कर्ण्यासारखी, गुलाबी-जांभळट; पाने हृदयाकृती. हे साम्य त्या विक्रेत्याला नेमके ठाऊक असावे, कारण शंका विचारताच तो पानाचा देठ मोडून दाखवी आणि म्हणे, “हा बघा चीक आला, म्हणजे अस्सल समुद्रशोक.” चीक दोघांनाही येतो, त्यामुळे ती खूण काहीच सिद्ध करत नाही.

खरी ओळख पानाच्या पाठीमागे आहे. समुद्रशोकाचे पान उलटले की रुपेरी, रेशमासारखी दाट लव हाताला लागते आणि कोवळे शेंडे तर पांढरेच दिसतात. बेशरमीचे पान पाठीमागूनही हिरवेच असते व त्याचे टोक लांब निमुळते असते. आमच्या रोपांना नवी पालवी फुटली तरी लव आली नाही, फांद्या सरळ वाढल्या आणि शेजारच्या तारेला एकही वळसा पडला नाही. एक रोप उपटले, तेव्हा पिशवीत नुसती पोकळ फांदी काळ्या मातीत खोचलेली होती. विक्रेत्याने दिलेला मोबाईल क्रमांक तेव्हापासून बंद आहे.

पैशापेक्षा मला काळजी शेळ्यांची वाटते. बेशरमीत स्वेनसोनीन हे विष असते. उन्हाळ्यात चारा आटला की शेळ्या ती खातात, आणि बरेच दिवस खाल्ल्यास त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होऊन त्या थरथरतात, त्यांचा तोल जातो. म्हणून ज्यांच्याकडे हे रोप आले असेल त्यांनी ते मुळासकट काढावे. मात्र ते नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, कारण ओल्या मातीत पडलेला तुकडाही पुन्हा रुजतो. गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावे आणि तोवर शेळ्यांना तिकडे फिरकू देऊ नये.