पेअर, मॉब की रिव्ह्यू? इंदुरात कोडिंगचा एकत्र सराव करायचा तर काय निवडावं

कॉलेजात सी++ आणि जावा होऊन गेलंय, सोपे प्रश्न सुटतात, पण जरा मोठं काही बांधायला घेतलं की हात थबकतात. अशा वेळी भंवरकुआंतला आणखी एक क्लास लावण्याआधी दोन-चार जणांबरोबर बसून सराव करून पाहावा. त्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. दोघांनी एका कीबोर्डवर काम करायचं ते पेअर, चार-सहा जणांनी एका पडद्यासमोर बसायचं तो मॉब, आणि आपापल्या घरी लिहून एकमेकांचा कोड तपासायचा तो पुल रिक्वेस्टवरचा (म्हणजे ‘माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ अशा विनंतीवरचा) रिव्ह्यू. तिन्ही सगळ्यांना सारख्या उपयोगी पडत नाहीत. तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं, ते आधी ओळखायला हवं.

सुरुवातच सुचत नसेल तर पेअर

केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या शैलीमुळे ही पद्धत १९९०च्या दशकाच्या अखेरीस नावारूपाला आली. एक जण टाइप करतो, तो ड्रायव्हर. दुसरा पुढचा विचार करतो, तो नॅव्हिगेटर. सेमीकोलन राहिला हे सांगणं नॅव्हिगेटरचं काम नाही, ते एडिटर करतो.

सरावाला बोलिंगच्या गुणांची मोजणी हा जुना, खात्रीचा प्रश्न घ्या. १० फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये १० पिना पाडायला दोन चेंडू. दोन चेंडूंत सगळ्या पडल्या तर स्पेअर, म्हणजे पुढच्या एका चेंडूचे गुण वरकड. पहिल्याच चेंडूत पडल्या तर स्ट्राइक, म्हणजे पुढच्या दोन चेंडूंचे. आता पहिल्याने नापास होणारी टेस्ट (उत्तर बरोबर येतं का हे तपासणारा छोटा कोड) लिहायची: २० चेंडू वाया, गुण ०. दुसऱ्याने ती पास होण्यापुरताच कोड लिहायचा, पुढची टेस्ट लिहायची आणि कीबोर्ड परत द्यायचा: २० चेंडूंत एकेक पिन, गुण २०. मग ५, ५, ३ आणि बाकी शून्य: १६. मग १०, ३, ४ आणि बाकी शून्य: २४. शेवटी सलग १२ स्ट्राइक: ३००.

गाडी अडते ती तिसऱ्या टेस्टला. बरेच जण प्रत्येक फ्रेमची बेरीज करून तेवढीच साठवून बसलेले असतात. स्पेअरला हवा असतो पुढचा सुटा चेंडू, आणि तो त्या बेरजेत विरघळलेला असतो. एकटा माणूस इथे एखादी इफची अट चिकटवून वेळ मारून नेतो. शेजारी कोणी असलं की ‘फ्रेमची बेरीज कशाला ठेवतोयस?’ हा प्रश्न येतोच. मग सगळे चेंडू एका यादीत जातात, इंडेक्स स्ट्राइकला एकाने आणि एरवी दोनने पुढे सरकतो, आणि लूप १० फ्रेमनंतर थांबतो. दहाव्या फ्रेमसाठी वेगळी अट लागतच नाही. पेअरमधून मिळवायचं ते हेच.

बिघडतं कुठे? ज्याला जास्त येतं तो कीबोर्ड ओढून घेतो आणि दुसरा प्रेक्षक होतो. यावर ल्यूलिन फाल्को यांचा नियम पाळा: डोक्यातली कल्पना कॉम्प्युटरवर जाताना दुसऱ्याच्या हातांतूनच गेली पाहिजे. म्हणजे ज्याला सुचलंय त्याने बोलायचं, टाइप समोरच्याने करायचं. बोलणं मराठीत करा की हिंदीत, व्हेरिएबलची नावं मात्र इंग्रजीतच असू द्या. दर टेस्टला किंवा फार तर १५ मिनिटांनी जागा बदला आणि दीड तासावर ताणू नका. दोघेही नवखे असाल तर १० मिनिटं अडल्यावर सरळ डॉक्युमेंटेशन उघडा.

एक जण लोकमान्य नगरात आणि दुसरा विजय नगरात राहत असेल, तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये शहर ओलांडण्यात शहाणपण नाही. व्हीएस कोड या एडिटरचं लाइव्ह शेअर वापरा, म्हणजे एकच कोड दोघांना आपापल्या घरून उघडता येतो. त्यात दोघांना एकदम टाइप करता येतं, ही सोय नसून खोड आहे असं आमचं मत. सेशन रीड-ओन्ली (पाहुण्याला फक्त वाचता येईल असं) सुरू करा, म्हणजे पाहुण्याला बोलण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

सगळ्यांची पातळी वेगवेगळी असेल तर मॉब

अमेरिकेतल्या हंटर इंडस्ट्रीजमध्ये वुडी झुइल यांच्या टीमने ही पद्धत रुळवली. एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडायचा, फॉन्ट मागे बसलेल्यालाही दिसेल एवढा मोठा करायचा, मोबाइलवर ५ मिनिटांचा टायमर लावायचा. टायमर वाजला की वाक्य अर्धं राहिलं तरी ड्रायव्हर बदलतो.

हिशेब मात्र डोळसपणे करा. पाच जण दोन तास बसले तर २४ पाळ्या होतात. प्रत्येकाच्या वाट्याला कीबोर्ड येतो जेमतेम २५ मिनिटं. हात बसायला हे फारच कमी. गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन), डीबगर, टेस्ट लिहिण्याची पद्धत, एडिटरचे शॉर्टकट अशा गोष्टी पाहून पटकन उचलल्या जातात, तेवढ्यासाठी महिन्यातून एक बैठक पुरे.

कोड चालतो, पण दुसऱ्याला वाचवत नसेल तर रिव्ह्यू

नोकरीत रोज हेच करायचं असतं, आणि विद्यार्थी नेमकं हेच टाळतात. रेपो, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचा साठा, सार्वजनिक ठेवा, कारण गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या मोफत खात्यात खासगी रेपोच्या ब्रँचवर (शाखेवर) संरक्षण लावता येत नाही. मेन ब्रँचवर, म्हणजे मुख्य प्रतीत, एका मंजुरीशिवाय कोणताही बदल मर्ज होणार (मिसळला जाणार) नाही अशी अट घाला. एक पुल रिक्वेस्ट २०० ओळींच्या आत, उत्तर २४ तासांच्या आत. ९०० ओळी पाठवल्यात तर ‘छान आहे’ एवढीच प्रतिक्रिया येईल, आणि त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. तपासताना आधी टेस्ट वाचा, मग कोड. ‘हे बदल’ असं लिहिण्यापेक्षा ‘यादी रिकामी आली तर इथे काय होईल?’ असं विचारलं की लिहिणारा स्वतःच चूक शोधतो.

पहिल्याच आठवड्यात एक घोळ हमखास होतो. बदल तीन ओळींचा, पण अख्खी फाइल बदललेली दिसते. एकाकडे विंडोज, दुसऱ्याकडे उबंटू, आणि ओळ संपवण्याची खूण दोन्हींत निराळी. रेपोत गिटअॅट्रिब्यूट्सची फाइल टाकून टेक्स्ट इक्वल्स ऑटो (* text=auto) ही सेटिंग सगळ्या फाइलींना लावा, आणि फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप लावणारं साधन) सगळ्यांचा एकच ठेवा. हे आधी न केल्यास रिव्ह्यूचा वेळ स्पेस आणि टॅबवर वाद घालण्यात जातो.

आयसीपीसी या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेची तयारी करणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे तिघांना मिळून एक कॉम्प्युटर आणि पाच तास असतात. एक जण टाइप करत असताना उरलेल्या दोघांनी कागदावर पुढचा प्रश्न सोडवायचा असतो, त्यामुळे तिघांनी एकाच पडद्याकडे बघत बसणं तिथे महागात पडतं.

बाकीच्यांनी पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा पेअर करावं, मग त्याच जोडीदाराबरोबर एखादा छोटा प्रकल्प काढून रिव्ह्यूवर यावं. जोडीदार आपल्याहून थोडाच पुढे किंवा थोडाच मागे असलेला बरा. फार पुढचा असेल तर त्याला पेअरला न बसवता रिव्ह्यूला धरा, तिथे त्याची अर्ध्या तासाची मदतही पुष्कळ होते. मुलाखत महिन्यावर आली असेल तर मॉबच्या वाटेला जाऊच नका. रोज तासभर पेअर करा आणि नॅव्हिगेटरची बाजू जास्त वेळा स्वतःकडे ठेवा, कारण मुलाखतीत उत्तराइतकंच, तिथवर कसे पोचलात ते बोलून दाखवावं लागतं.