दारातली वायर तुटली: नवी ओढावी की हातभर तुकडा बदलावा?

गाडीच्या पुढच्या दारातला स्पीकर मधूनच गप्प होतो आणि दार आपटलं की पुन्हा बोलायला लागतो. जुन्या टीव्हीला मारायचो तसा दाराला एक धपाटा घातला तरी चालतो. स्टिरिओ आणि स्पीकर दोन्ही ठणठणीत आहेत हे पाहून झालं असेल, तर दार आणि बॉडी यांच्यामधल्या घड्यांच्या रबरी नळीत, म्हणजे बुटात, वायर तुटली असण्याची शक्यता मोठी. आता दोन रस्ते उरतात. स्टिरिओपासून स्पीकरपर्यंत सरळ नवी वायर ओढायची, किंवा तुटलेला हातभर तुकडा तेवढा बदलायचा. माझ्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये उजव्या दाराला मी पहिला उपाय केला आणि दीड वर्षाने डावं दारही तसंच वागायला लागलं तेव्हा दुसरा.

उजवं दार आधी जाणार हे ओघानेच आलं. ड्रायव्हरचं दार रोज दहा वेळा उघडतं म्हटलं तरी दहा वर्षांत 36,500 वेळा. दर वेळी वायर एकदा सरळ होते, एकदा वाकते. पत्र्याची पट्टी इकडेतिकडे वाकवून तोडतो आपण, तसंच तांब्याचं होतं.

पण आधी निदान पक्कं करा, कारण माझे पैसे तिथेच गेले. गॅरेजवाल्याने दाराला कान लावला, "स्पीकर गेला" म्हणाला, आणि मी निमूटपणे साडेसहा इंची जोडी बसवून घेतली. आठवडाभर सुरेख वाजली, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. दाराचं पॅड (आतलं आवरण) काढताना-लावताना वायर हलली होती आणि तुटलेली टोकं तात्पुरती एकमेकांना टेकली होती, एवढंच. नंतर जुना स्पीकर मल्टिमीटरवर लावला तर काटेकोर साडेतीन ओहम. चार ओहमचा धडधाकट स्पीकर एवढाच दाखवतो. तो अजून माळ्यावर आहे.

दुसरी गोष्ट, हा दोष गाणं लावून शोधू नका. गायक दम घेतो, तबला थांबतो, आणि आवाज खरंच गेला की गाण्यातच ती थांबायची जागा आहे हे कळत नाही. मी तानपुऱ्याचा ट्रॅक लावतो. बॅलन्स आणि फेडर (आवाज डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे नेणारी सेटिंग्ज) पूर्ण त्या कोपऱ्यात सरकवायचे, इंजिन बंद, काच वर. मग दार अर्धं उघडून तसंच धरायचं आणि दुसऱ्या हाताने बूट चिमटीत घेऊन वरून खाली हलके दाबत यायचं. माझ्या गाडीत तिसऱ्या घडीपाशी तानपुरा तुटायचा, बोट सोडलं की खर्र करून परत यायचा. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

चारही स्पीकर एकदम जात असतील तर मात्र गोष्ट वेगळी. हल्लीच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन वायरींपैकी एकही बॉडीला अर्थ केलेली नसते, दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा म्हणजे सहाच्या आसपास व्होल्ट असतो. त्यातली एक जरी सोलून पत्र्याला टेकली तरी आतला अँप्लिफायर स्वतःला वाचवायला बहुधा सगळ्यांचीच तोंडं बंद करतो. म्हणजे एकच स्पीकर जातो तेव्हा वायर तुटलेली असते, सगळे जातात तेव्हा ती कुठेतरी टेकलेली असते किंवा सप्लायच ढिला असतो. पुढचं सगळं एकट्या स्पीकरच्या रोगाबद्दल आहे.

दुकानात तिसराही सल्ला मिळेल, स्टिरिओच बदला. तो मनावर घेण्याआधी स्टिरिओमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसांत बदलून बघा. दोष जिथल्या तिथेच राहिला तर मोठ्या स्क्रीनचा नवा स्टिरिओही त्याच तुटक्या वायरीतून गाणार आहे.

आता नवी वायर. कागदावर हाच उपाय सरस आहे हे मी मान्य करतो. स्टिरिओपासून स्पीकरपर्यंत एकसंध वायर, मध्ये एकही जॉइंट नाही, कंपनीच्या बारीक वायरीपेक्षा जाड. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून 1 स्क्वेअर एमएमची जोडवायर आणली. स्टिरिओची फ्रेम काढली, स्टिअरिंगखालचं पॅनल उतरवलं, आणि ब्रेक पेडलच्या वर डोकं घालून, पाय सीटच्या पाठीवर टाकून वायर सरकवली. ती पेडलच्या किंवा स्टिअरिंग शाफ्टच्या वाटेत अजिबात लोंबता कामा नये, म्हणून दर वीतभर अंतरावर केबल टाय.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बुटाने. त्यात काच, सेंट्रल लॉक, आरसा यांच्या वायरी आधीच दाटीवाटीने बसलेल्या असतात. पायजम्यात नाडी ओवावी तशी वायर ओवायची, फक्त पायजमा ओला, रबरी आणि भरलेला. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आधी घातली, तिच्या टोकाला वायर बांधली, वर टाल्कम पावडर शिंपडली, तेव्हा कुठे ती पलीकडे आली. अख्खा रविवार गेला आणि सोमवारची संध्याकाळही.

आवाज मात्र निर्दोष आला, हे सांगायला हवं. दार कसंही आपटा, खड्ड्यातून न्या, तानपुरा अखंड. कापलेली वायर नाही, टेप नाही. आठ दिवस मी ज्याला त्याला गाडीत बसवून ऐकवत होतो.

नवव्या दिवशी किटकिट सुरू झाली.

स्टिअरिंग आणि एसीच्या उजव्या जाळीच्या मध्ये कुठेतरी. दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी हळू असताना, डांबर खडबडीत असलं की हमखास. पॅनलवर बोट ठेवलं की थांबायची, उचललं की पुन्हा किट-किट-किट. दहा वर्षं एकदाही न उघडलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा एकदा उपसल्या की पूर्वीसारख्या बसत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. व्हिजिटिंग कार्डाची घडी खुपसून पाहिली, चार दिवस टिकली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, आवाज बंद झाला नाही, जाळीच्या दुसऱ्या कडेला सरकला. दोन क्लिपा नव्या आणल्या, त्यांनी निम्मा कमी झाला. पुण्याच्या रस्त्यांवर निम्मा म्हणजे बराचसा तसाच. शेवटी मी काय करायला लागलो, तर किटकिट झाकायला गाणं मोठं करायला लागलो. बायको म्हणाली, "आधीचा स्पीकर बरा होता, निदान गप्प तरी बसायचा."

हे माझ्या हातांचं पाप असू शकेल. सफाईदार माणूस पॅनल उघडून तसंच्या तसं बसवेल, शिवाय तुमच्या गाडीच्या क्लिपा माझ्या गाडीपेक्षा मजबूत असतील. डाव्या बाजूला तर ग्लोव्ह बॉक्स उतरवला की स्टिरिओच्या मागे बऱ्यापैकी मोकळी जागा मिळते, स्टिअरिंगची अडचण नाही. तरीही डावं दार बिघडलं तेव्हा डॅशबोर्डला हात लावायची माझी इच्छाच मेली होती.

म्हणून डावीकडे फक्त तुकडा बदलला. या उपायाची बदनामी झाली आहे ती लोक तो चुकीच्या जागी करतात म्हणून. बूट मागे सारायचा, तुटलेली टोकं पीळ द्यायची, काळी टेप गुंडाळायची, झालं. दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद पाघळतो, बोटांना काळं चिकटतं आणि आतला पीळ सैल होतो. सोल्डर केलं तर टिकेल असं वाटतं, पण बुटाच्या आत तेही वाईटच. सोल्डर तांब्याच्या बारीक तारांमध्ये शिरतं आणि तेवढी वायर काडीसारखी ताठ होते. मग दार वाकवतं ती नेमकी जिथे ताठपणा संपतो तिथे, आणि तुटतेही तिथेच. वाकणाऱ्या भागात जॉइंट नको, हे एवढं पाळलं तर तुकडा बदलणं हा हलक्या दर्जाचा उपाय राहत नाही. एक जॉइंट दाराच्या पॅडमागे, दुसरा आत पायाजवळच्या पॅनलमागे, आणि दोहोंच्या मध्ये बुटातून जाणारी सलग नवी वायर. सिलिकॉनच्या आवरणाची, केसासारख्या बारीक तारांची वायर मिळते, ती या कामाला फार चांगली. सुतळीसारखी लुळी पडते.

बुटाची दोन्ही टोकं सोडवून आतली कापडी टेप उलगडली तेव्हा जे दिसलं त्याने माझं मत पक्कं झालं. स्पीकरची वायर बाहेरून अगदी शाबूत होती. चिमटीत धरून ओढली तर च्युइंगगमसारखी लांबली. चांगली वायर अशी लांबत नाही. आवरण चिरलं तर आत तांबं काळं-हिरवं, दोन टोकांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट. आणि शेजारीच सेंट्रल लॉकच्या वायरीचं आवरण तडकलेलं, आतलं तांबं डोकावत होतं. ती अजून तुटली नव्हती, पण त्याच वाटेवर होती. तिचाही तुकडा त्याच बैठकीत बदलला. उजव्या दारात मी शेजारून नवी वायर ओवून मोकळा झालो होतो, बाकीच्यांकडे पाहिलंच नव्हतं. तिथे काय शिजत असेल कोण जाणे.

जुनी वायर काढून टाकण्याआधी तिच्या शेपटीला नवी बांधा आणि पलीकडून ओढा, म्हणजे नाडी ओवायचे कष्ट वाचतात. माझी एक आली, दुसरीचं आवरणही अर्ध्यात तुटलं आणि पुन्हा ब्रेक केबल शोधावी लागली. एकच तुटलेली असली तरी स्पीकरच्या दोन्ही वायरी बदला, दुसरीनेही तेवढेच हेलपाटे घातलेत. आणि प्लस-मायनस उलटसुलट जोडू नका. स्पीकर वाजेल, पण दोन्ही दारं मिळून बास पोकळ होईल आणि दोष भलतीकडे शोधत बसाल. माझं काम सकाळी चहानंतर सुरू झालं, जेवायच्या आधी संपलं. सामान दीडशे रुपयांच्या आत.

या उपायातही खोट आहे. दोन वायरींचे मिळून चार जॉइंट वाढतात आणि ते तुमच्या हातचे असतात. पायाजवळच्या पॅनलमागे सोल्डरिंग करायचं म्हणजे गरम गन सीटपासून सांभाळत उताणं पडून काम करायचं. ते जमत नसेल तर चांगल्या पकडीने क्रिंप केलेला, म्हणजे दाबून घट्ट बसवलेला, जॉइंट चालेल. आणि बूट परत बसवताना त्याची कड खाचेत चहूबाजूंनी बसली आहे का हे बोट फिरवून बघा. मी एक कोपरा सोडला होता, पहिल्याच पावसात डाव्या बाजूचं मॅट ओलं झालं.

पुढेमागे वेगळा अँप्लिफायर बसवायचा असेल, तर तुकड्याच्या भानगडीत पडू नका. तसंही जाड वायर लागणारच, आत्ताच ओढा. आधीच्या कोणी दारात टेपचे चार-पाच जॉइंट करून ठेवले असतील तरीही नवी बरी, दुसऱ्याच्या कामावर आपलं काम उभं करू नये. काही गाड्यांत बुटाच्या बॉडीकडच्या टोकाला सरळ मोठा कपलर (पिनांचा जोड) असतो, तिथून जादा वायर ओवताच येत नाही. तिथे आधी तो कपलर सोडवून पिना बघा. एखादी हिरवी किंवा मागे सरकलेली असेल तर वायर न कापताच काम होईल. बाकी साध्या, कंपनीच्याच स्टिरिओवर समाधानी असलेल्या माणसाने निदान आधी तुकडा करून पाहावा असं मला वाटतं. तो फसला तर नवी वायर ओढायला कोणी अडवलेलं नाही. डॅशबोर्ड एकदा उघडला की मात्र तो न उघडलेला करता येत नाही.

डाव्या दाराला आता दोन पावसाळे झाले. तानपुरा मी अधूनमधून लावतो, कुठे तुटत नाही. उजवीकडचाही तुटत नाही, फक्त त्याच्या साथीला किटकिट असते.

कोणताही उपाय करा, बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवून थोडा वेळ थांबा आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावू नका, त्या सहसा एअरबॅगच्या असतात. आणि श्रिंक स्लीव्ह (गरम केली की जॉइंटवर आवळणारी नळी) वायरीत आधी ओवा, मग सोल्डर करा. मी चारपैकी दोन जॉइंट याच कारणाने पुन्हा तोडले.