आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची तेल प्यालेली मूठ

आमच्या घरात आजोबांपासून परवान्यावर चालत आलेले स्मिथ अँड वेसन कंपनीचे .३२ बोअरचे ‘रेग्युलेशन पोलीस’ रिव्हॉल्व्हर आहे. त्याची अक्रोडाच्या लाकडाची मूठ इतकी काळी पडली होती, की तिच्यावरील चौकड्यांची नक्षी बोटांना कळे, पण डोळ्यांना दिसत नसे, आणि उन्हाळ्यात तळहाताला चिकट तेल लागे. आजोबा दर खंडेनवमीला पूजेआधी यंत्रात सढळ हाताने तेल सोडत, कधी शिवणयंत्राचे, कधी चक्क खोबरेल. ते पोलादावरून ओघळत मुठीच्या वरच्या कडेला, जिथे लाकडाचे रेषे आडवे कापलेले असतात, तिथे वर्षानुवर्षे मुरत गेले होते. ही कडा नखाने दाबली तरी दबत होती.

काम लाकडाचे असले तरी मी ते सुताराकडे नेले नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि शस्त्राचे सुटे भागही त्या कायद्याच्या कक्षेत येतात, म्हणून सोलापुरातल्या नव्या पेठेच्या बाजूच्या एका परवानाधारक दुकानात गेलो. मालकांनी आधी परवाना पाहिला, रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची स्वतः खात्री केली, नोंदवहीत नोंद केली आणि मगच स्क्रूला हात लावला. मुठीच्या दोन लाकडी फाळक्यांपैकी (बाजूच्या तुकड्यांपैकी) उजव्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेला अनुक्रमांक दिसताच त्यांनी त्याचे छायाचित्र काढले आणि त्या जागेवर ब्रश फिरवायचा नाही, असे कारागिराला बजावले. शस्त्र आणि मूठ मूळची एकत्र असल्याचा तो पुरावा आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मी पॉलिश पेपरने घासून घेण्याचे सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “घासून तेल निघत नाही साहेब, ते आत मुरलंय. उलट कडा झिजली की मूठ फ्रेमवर बसणार नाही.” या मॉडेलमध्ये मुठीचे लाकूड फ्रेमच्या खाली उतरते आणि पाठीमागच्या खाचेत जुळून बसते, त्यामुळे कडेचे थोडेसे लाकूड गेले तरी फट उघडी पडते. माझ्या मामांच्या बंदुकीचा दस्ता एका फर्निचर पॉलिशवाल्याने असाच घासून वर लाख चढवली होती आणि पुढच्याच उन्हाळ्यात आतले तेल वर येऊन ती लाख पापुद्र्यांनी सुटली, हे मी पाहिलेले आहे.

या दुकानात वापरलेली पद्धत संथ होती. खडूची पावडर ॲसिटोनमध्ये कालवून त्याचा जाड लेप मुठीवर द्यायचा, ॲसिटोन उडून जाताना लाकडातले पातळ झालेले तेल पावडरीत ओढले जाते, आणि वाळलेला पिवळट लेप दात घासण्याच्या मऊ ब्रशने नक्षीच्या दिशेने झाडून काढायचा. असे सात वेळा केले. मधल्या दिवसांत फाळके काळ्या प्लास्टिकमध्ये कोरड्या पावडरीत गुंडाळून गच्चीवर ठेवले. सोलापूरचे चाळिशीपलीकडचे मे महिन्याचे ऊन या कामाला उत्तम भट्टी ठरते, कारण घट्ट झालेले तेल उष्णतेने सैल होऊन पृष्ठभागावर येते. मालकांनी पहिल्या आणि शेवटच्या खेपेची पावडर शेजारी ठेवून दाखवली. पहिली गुळाच्या रंगाची होती, शेवटची जवळजवळ पांढरी. ॲसिटोनचे काम त्यांनी ज्योतीपासून दूर, उघड्या आवारात केले, याचाही मला विश्वास वाटला.

शेवटी बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) पाच हात दिले, प्रत्येक वेळी दोनतीन थेंब तळव्याने चोळून आणि मध्ये दिवसभर वाळू देऊन. बेलतेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून दुकानात ते पाण्याच्या डब्यात टाकलेले होते. लाकडाला आता तपकिरी, किंचित लालसर रंग आला आहे आणि अक्रोडाच्या गडद रेषा उघड झाल्या आहेत. चमक अजिबात नाही, आणि मला ती नकोच होती.

उणिवाही सांगायला हव्यात. तीन आठवडे सांगितलेले काम सहा आठवड्यांवर गेले आणि उशिराबद्दल एकही फोन आला नाही. परवान्यावरील शस्त्र दुकानात पडून असताना ही काळजी लहान नसते. स्क्रूच्या छिद्राभोवती बोटभर काळा डाग राहिला आहे, मात्र तो जाणार नाही हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. अठराशे रुपये मजुरी मला रास्त वाटली.

घेऊन आल्यावर महिनाभराने मुठीवर पांढरे सुती कापड दाबून पाहिले, त्यावर तेलाचा डाग उमटला नाही. या खंडेनवमीला यंत्रात तेल सोडण्याआधी मी दोन्ही फाळके काढून बाजूला ठेवले आणि जास्तीचे तेल पुसून झाल्यावरच ते परत बसवले.