स्टार वॉर्स मोनोपॉली (विंडोज, १९९७): सजावट नवी, हिशेब जुनाच

हॅस्ब्रो इंटरॅक्टिव्हच्या या गेममध्ये रस्त्यांच्या जागी डॅगोबा, हॉथ, टॅटूइन हे स्टार वॉर्स सिनेमांतले ग्रह आले, पण खालचा सांगाडा मोनोपॉलीचाच, म्हणजे जागा विकत घेऊन भाडं वसूल करायच्या पटावरच्या खेळाचा: ४० घरं, त्यांतल्या २८ विकाऊ जागा. भाडं आणि गहाणाचं व्याज संगणकच मोजतो, त्यामुळे बँकर कुणी व्हायचं हा वाद मिटतो. सिनेमांतल्या सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाची बडबड (आवाज मूळ नट अँथनी डॅनियल्सचा) पहिल्या फेरीत गोड वाटते, पाचव्यात डोकं उठवते.

घरगुती नियमांची सवय असलेले इथे फसतात. जागा नको म्हटलं की ती तशीच पडून राहत नाही, लिलावात जाते, आणि पैसे उधळून बसलेल्याच्या डोळ्यांदेखत दुसरा ती स्वस्तात उचलतो.

डाव मात्र जुनेच चालतात. तुरुंगातून निघताना दोन फाशांवर मिळून ६, ८ किंवा ९ पडले की सोंगटी थेट नारिंगी गटावर (एकाच रंगाच्या तीन जागा). ३६ पैकी १४ शक्यता. म्हणून तो गट आधी पुरा करावा. हॉटेलं सोडली तर इमारती मोजक्याच, ३२. आठ जागांवर चार-चार बांधून हॉटेलाकडे वळलाच नाहीत, तर बाकीच्यांना बांधायला एकही उरत नाही. हा कावा पडद्यावर पटकन लक्षातही येत नाही.