आधी झाडं मोजा, मग बॅटरी, वेग शेवटी: फिरतीवरच्या सॅटेलाइट इंटरनेटचे नऊ महिने

नऊ महिन्यांपूर्वी सॅटेलाइट इंटरनेटची तबकडी (डिश अँटेना) घेतली तेव्हा मी एकच आकडा बघत होते, डाउनलोडचा वेग. आता कुणी सल्ला विचारला की मीच दोन प्रश्न विचारते. जिथे राहणार तिथे डोक्यावर आकाश किती मोकळं आहे? आणि रोजचा वापर भागून तुमच्याकडे किती वॅट-तास (एक वॅटचं उपकरण तासभर चालवणारी वीज म्हणजे एक वॅट-तास) वीज उरते? या दोन्हींची उत्तरं आली की कोणती तबकडी घ्यायची, किंवा मुळात घ्यायची की नाही, हे जवळजवळ ठरतं.

आम्ही दोघं वर्षातले काही महिने गाडीत राहतो आणि उरलेले जंगलाच्या कडेला असलेल्या एका लाकडी खोलीत. दोन्हीकडे मोबाइलला रेंज नाही. मी संपादनाचं काम करते. मजकूर उतरवून घ्यायचा, दिवसभर काम करायचं, संध्याकाळी पाठवायचा. मध्ये अर्धा तास नेट गेलं तर मला कळतही नाही. नवरा मात्र रोज तीन-चार तास ऑनलाइन गणित शिकवतो. तीन सेकंद नेट गेलं तरी पलीकडून "सर, आवाज येत नाही" सुरू होतं. एकच तबकडी, एकच खोली, पण पहिल्या महिन्यात मी तिच्यावर खूश होते आणि तो वैतागलेला. म्हणून दुसऱ्या कुणाचा अनुभव वाचताना तो माणूस नेटवर काय करतो, हे आधी बघा. नुसतं "मस्त चालतं" याला फारसा अर्थ नाही.

याआधी आम्ही एका मुक्कामी भूस्थिर उपग्रहावरचं नेट वापरलं होतं. तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, जमिनीवरून पाहता एकाच जागी असतो. आपलं बोलणं वर जाऊन खाली येतं, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. नुसत्या या प्रवासालाच प्रकाशाच्या वेगाने जवळपास अर्धा सेकंद लागतो आणि प्रत्यक्षात विलंब ६०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. फाइल उतरवायला काही अडचण नाही. पण वर्गात मुलाने प्रश्न विचारला की तो इथे पोहोचेपर्यंत नवऱ्याचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं. दोघं एकदम बोलायचे, दोघं एकदम थांबायचे. खालच्या कक्षेतले उपग्रह, उदाहरणार्थ स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंकचे, साधारण ५०० किलोमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे तोच विलंब बहुतेक वेळा २५ ते ६० मिलिसेकंदांत राहतो आणि बोलणं समोरासमोर बसल्यासारखं होतं. थेट संभाषण हे ज्याचं काम आहे त्याने खालच्या कक्षेचीच सेवा घ्यावी, यात मला आता कसलीही शंका नाही.

आम्ही घेतली ती स्टारलिंक मिनी. २०२४ मध्ये आलेली ही लहान तबकडी साधारण ३० बाय २६ सेंटिमीटरची आहे, वजन किलोपेक्षा थोडं जास्त, राउटर आतच. लॅपटॉपच्या पिशवीत मावते. तिच्याच घरातली मोठी तबकडी जास्त वेग देते, पण सरासरी ७५ ते १०० वॅट खाते आणि राउटर वेगळा सांभाळावा लागतो. मिनी २५ ते ४० वॅटमध्ये भागवते आणि १२ ते ४८ व्होल्टची थेट डीसी वीज घेते. आमचा कौल इथेच ठरला. दोन माणसांच्या कामाला मिनीचा वेग पुरून उरतो. चार-पाच माणसांचं घर असेल आणि वीज मुबलक असेल, तर मात्र मोठीच घ्या.

आता झाडं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमचा सगळ्यात जास्त मनस्ताप यातच झाला.

तबकडीला आकाशाचा ११० अंशांचा तुकडा दिसावा लागतो. ती आडवी ठेवली तर क्षितिजापासून सुमारे ३५ अंशांच्या वर काहीही आडवं येता कामा नये. हे मोजायला यंत्र लागत नाही. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, तिसरी आणि वर अर्धी. तिथून वर सगळं मोकळं हवं. दुसरा हिशोब असा, की झाड तबकडीपेक्षा १० मीटर उंच असेल तर ते किमान १४-१५ मीटर लांब असलं पाहिजे. स्टारलिंकच्या ॲपमध्ये फोनचा कॅमेरा फिरवून आकाश तपासायची सोय आहे आणि ती नक्की वापरा, पण जागा शोधत फिरताना मुठीचा हिशोब पटकन होतो.

एखादं झाड मध्ये आलं तर काय होतं? नेट बंद पडत नाही, ते तुटक होतं. उपग्रह एका जागी नसतात, काही मिनिटांत आकाश ओलांडून जातात आणि तबकडी सतत एकावरून दुसऱ्यावर उडी मारत असते. जोडलेला उपग्रह फांदीमागे गेला की दोन-चार सेकंद नेट जातं, पुन्हा येतं. वेग मोजाल तर उत्तम दिसेल. व्हिडिओ बघाल तर कळणारही नाही, कारण तो पुढचं आधीच साठवून ठेवतो. व्हिडिओ कॉल मात्र थिजतो. म्हणून जागा पक्की करण्याआधी वेग मोजू नका. कुणाला तरी फोन लावून सलग वीस मिनिटं बोला.

खोलीजवळची जागा आम्ही पानगळीनंतर निवडली होती. दक्षिणेला उघडी-बोडकी झाडं, फांद्यांच्या जाळीतून आकाश दिसत होतं, ॲपही समाधानी होतं. सगळा हिवाळा सुरळीत गेला. मग पालवी फुटली. पहिल्या आठवड्यात वर्गात एखादा झटका, दुसऱ्यात चार-पाच. आम्ही राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सगळं तपासलं, दोनदा सगळं नव्याने लावलं. एका सकाळी पाऊस पडून गेल्यावर नेट जवळजवळ दर मिनिटाला तुटायला लागलं, तेव्हा मी बाहेर जाऊन तबकडीशेजारी उताणी पडले आणि वर पाहिलं. आकाशाचा अर्धा भाग हिरवा झाला होता आणि पानं पाण्याने निथळत होती. ओलं पान या लहरींना कोरड्या फांदीपेक्षा कितीतरी जास्त अडवतं. त्याच दुपारी तबकडी चौदा मीटर पुढे, उतारावरच्या मोकळ्या खडकावर नेली आणि ॲपमधल्या आकाशाच्या नकाशातले लाल ठिपके दुसऱ्या दिवशी गेले. तुम्ही पानझडीच्या काळात जागा निवडत असाल तर झाडांना पानं आहेत असं धरूनच निवडा.

चौदा मीटर पुढे नेल्याने झाडांचा प्रश्न सुटला आणि विजेचा उभा राहिला. बॅटरीपासून तबकडीपर्यंत १५ मीटर वायर लागली. वेगळी विकत घेतलेली वायर पातळ निघाली. दिवसा सगळं ठीक चालायचं. संध्याकाळी ढग आले, सोलर पॅनलची वीज थांबली की तबकडी सुरू व्हायची, मिनिटभराने बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची. तबकडीच बिघडली असं आम्हाला वाटलं. मीटर लावला तर बॅटरीच्या टोकाला १३.१ व्होल्ट आणि तबकडीच्या टोकाला ११.४. तिला किमान १२ लागतात. ती वीज ओढायला लागली की वायरमध्येच व्होल्टेज पडायचं आणि ती बंद पडायची. बंद पडली की भार जाऊन व्होल्टेज परत चढायचं, मग ती पुन्हा उठायची. बॅटरीपाशी एक लहानसा कन्व्हर्टर लावून १२ चे २४ व्होल्ट केले. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो आणि वायरमधली पडही निम्मी होते. त्या दिवसापासून एकदाही तक्रार नाही. लांब वायर टाकणार असाल तर जाड घ्या, नाहीतर आधी व्होल्टेज वाढवा.

विजेचा बाकी हिशोब सोपा आहे, फक्त तो विकत घेण्याआधी करा. आमच्या मीटरवर कामाच्या वेळेत सरासरी ३२-३४ वॅट दिसतात. आठ तासांचे २६०-२७० वॅट-तास झाले. चोवीस तास चालू ठेवली तर ७०० च्या पुढे. ५०० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) म्हणजे तोटा धरून साडेबारा-तेरा तास. विमानात साधारणपणे चालते ती १०० वॅट-तासांच्या आतली पॉवर बँक जेमतेम अडीच तास देते, तीही १०० वॅटची यूएसबी-सी देणारी असेल तर. ६५ वॅटच्या बँकेवर तबकडी आमच्याकडे उठलीच नाही. इन्व्हर्टर मध्ये घालू नका. बॅटरीतली डीसी वीज एसी करायची आणि अडॉप्टरने परत डीसी करायची, यात आमचे बारा-तेरा वॅट नुसते उष्णतेत जात होते. तबकडीच्या वायरवर एक साधा स्विच बसवला आणि रात्री ती बंद करायला लागलो, ही नऊ महिन्यांतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सुधारणा.

पावसाबद्दल लोक फार विचारतात. रिमझिम पावसाने काही होत नाही. जोरदार वीज-वादळाचा काळा ढग समोर आला की पाऊस आपल्यापर्यंत पोहोचायच्या आधीच नेट जातं आणि ढग सरकला की पाच-दहा मिनिटांत परत येतं. आमच्या वापरात हे आठवड्यातून एखाद्या वेळी झालं. वर्ग असताना आभाळ तसं दिसलं, तर नवरा मुलांना आधीच एक उदाहरण सोडवायला देऊन ठेवतो.

डेटा मर्यादित असलेला प्लॅन असेल, तर फोन आणि लॅपटॉप दोन्हींमध्ये हे जोडणं "मर्यादित" म्हणून नोंदवा. आमच्या दोन फोनांनी एका रात्रीत साठलेले सगळे फोटो वर चढवले आणि महिन्याचा मोठा वाटा संपला. घरी नसताना बाहेरून कॅमेरा किंवा संगणक उघडायचा असेल तर तोही विचार आधी करा. बहुतेक प्लॅनमध्ये स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नाही. आम्ही व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खाजगी जोड) लावून ते जमवलं.

सीमा ओलांडणार असाल तर पुढच्या देशात ही सेवा आणि हे उपकरण दोन्हींना परवानगी आहे का, हे निघण्याआधी बघाच. काही देशांत परवान्याशिवाय उपग्रहाचं उपकरण नुसतं बाळगणंही गुन्हा ठरतो. नोंदणीच्या देशाबाहेर प्लॅन किती काळ चालेल यालाही मर्यादा असतात.

आणि ही तबकडी जीव वाचवायचं साधन आहे असं समजू नका, हे मी कळकळीने सांगते. तिला वीज लागते, मोकळी जागा लागते, सुरू व्हायला काही मिनिटं लागतात आणि डोंगरात पाय घसरून पडाल तेव्हा ती गाडीत असेल. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंकचं जाळं जगभर सुमारे अडीच तास बंद होतं. असं कुठल्याही जाळ्याचं होऊ शकतं. आम्ही दोघंही चालायला निघताना इरिडियम या दुसऱ्या उपग्रह-जाळ्यावर चालणारं मुठीएवढं संदेशयंत्र कमरेला लावतो. इरिडियमचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटरवरून ध्रुवांसकट सगळी पृथ्वी व्यापतात, आणि ज्या लहरींवर ते चालतं त्यांना पाऊस फारसा अडवत नाही. त्यावर दोन ओळी जातात, तेवढ्या पुरतात.

ज्यांच्या मुक्कामी मोबाइलची एक-दोन काडी का होईना रेंज येते, त्यांनी आधी टपावर बाहेरचा अँटेना आणि सिमचा राउटर लावून बघावा. तो पाच-दहा वॅटमध्ये चालतो, त्याला झाडांचं फारसं वावडं नाही. आमच्या गाडीत तोही आहे. वाटेत रेंज असेल तिथे आम्ही तबकडी पिशवीतून काढतच नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. हिवाळ्यात बर्फ पडला की तबकडी स्वतःला तापवून तो वितळवते आणि वीज जास्त खाते. नेमक्या त्याच दिवसांत आमचं २०० वॅटचं पॅनल दिवसाला दीडशे वॅट-तासही देत नाही. गेल्या हिवाळ्यात चार दिवस सलग ढग राहिले, तेव्हा नवऱ्याचे वर्ग सोडून बाकी सगळा वेळ आम्ही स्विच बंद ठेवला आणि मी माझा मजकूर त्याच्या वर्गाच्या वेळेत पाठवला. येत्या हिवाळ्याआधी दुसरं पॅनल भिंतीवर उभं लावणार आहोत. उभ्या पॅनलवर बर्फ साचत नाही आणि खाली आलेल्या सूर्याचं ऊन त्यावर सरळ पडतं. त्याने किती भर पडते ते मीटरवर बघून इथेच लिहीन.